औषधांत न धरलेली गोळी

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटा सहज बोलून गेला, "आजी, मॅचच्या आधी दोन पेनकिलर घेतो, मग गुडघा दुखतच नाही." मोठीने त्यावर नुसती मान हलवली. मी त्या वेळी गप्प बसले. तुमची आई शेजारी होती, आणि पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये मी वीर्य, शुक्राणू असले शब्द काढले असते तर तिने "आई, आवाज नीट येत नाही" म्हणून फोन ठेवून दिला असता. म्हणून लिहिते आहे. तुम्ही दोघे आता विशी ओलांडलेली माणसे आहात. आजीने कोणता शब्द लिहावा आणि कोणता लिहू नये, याची काळजी तुम्ही करू नका.

हकीकत तुमच्या मामाची आणि मामीची आहे. दोघांची परवानगी घेतली आहे. मामी म्हणाली, "लिहा आई, बिनधास्त लिहा." मामा म्हणाला, "आई, प्लीज." अर्ध्या तासाने परत आला आणि म्हणाला, "बरं, लिही. पण मी जाड होतो असं लिहू नकोस." तो तेव्हा जाड होता.

तुम्हाला माहीत आहे, मी तीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. निवृत्त झाल्यावर पुस्तके हातची गेली, तेव्हा घर हाती घेतले. प्रत्येक वस्तूला एक वर्ग आणि प्रत्येक वर्गाला एक जागा. औषधांसाठी बेडरूममध्ये पांढरे कपाट. त्यात वरच्या कप्प्यात आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मधल्या कप्प्यात माझ्या थायरॉइडच्या, खालच्या कप्प्यात मामीचे सगळे. प्रत्येक औषधाबरोबर येणारा तो बारीक अक्षरांचा कागद मी घडी घालून फाइलला लावते. तुमचे आजोबा म्हणतात, "हिच्याकडे औषध मागितलं तर आधी सभासद व्हावं लागतं."

दुखण्याच्या गोळ्या मात्र त्या कपाटात नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात, ओवा, सुंठ, हिंगाष्टक आणि बामच्या बाटलीशेजारी, एका चपट्या डब्यात असत. ही पद्धत माझ्या आईची. पोट दुखले तर ओवा, डोके दुखले तर बाम, फारच दुखले तर गोळी. औषध म्हणजे जे डॉक्टर देतात आणि जे चुकले तर ओरडा बसतो ते. हे बाकीचे घरगुती. मी इतकी वर्षे पुस्तकांचे वर्गीकरण केले, पण या एका वर्गीकरणाकडे कधी संशयाने पाहिले नाही.

मामा तेव्हा खराडीत नोकरीला होता, अजूनही तिथेच आहे. आम्ही कात्रजच्या बाजूला राहणारे. रोज दुचाकीवरून जाऊन-येऊन अडीच-तीन तास, मधे खड्डे, आणि उरलेला दिवस खुर्चीत. त्याची पाठ धरली. हाडांच्या डॉक्टरांनी सूज आणि दुखणे कमी करणारी गोळी दिली, सकाळी एक, रात्री एक, पाच दिवस. पाचव्या दिवशी पाठ थांबली, आठव्या दिवशी पुन्हा धरली. तेव्हा त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून तीच पट्टी आणली. मग मीच आणायला लागले, कारण तो विसरायचा. ती पाच दिवसांची चिठ्ठी आमच्या घरी दोन वर्षे चालली. सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी मी ती गोळी ठेवत असे, चमच्यासारखी. रात्री ताकाच्या भांड्याशेजारी.

त्याच दोन वर्षांत मामी आणि मामा मुलासाठी प्रयत्न करत होते. ते आम्हाला हळूहळू कळले. मामी अकोल्याची, मनात काही ठेवणारी नाही, पण या बाबतीत ती गप्प गप्प झाली. आधी ती एका डॉक्टरांकडे जात होती. त्यांनी तिच्या रक्ताच्या तपासण्या केल्या, सोनोग्राफी केली, गर्भाशयाच्या नळ्यांची ती दुखरी तपासणी केली, गोळ्या दिल्या, मग इंजेक्शने दिली. सगळे अहवाल ठीक. दर महिन्याला चार दिवस ती डोळे सुजवून ऑफिसला जायची. मी तिला रोज रात्री दुधात खारीक उगाळून द्यायचे. ती बिचारी पीत असे. मामाला दूध-खारीक द्यावी असे माझ्याही मनात आले नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण मी इंग्रजी शिकलेली बाई आहे आणि स्वतःला फार सुधारलेली समजत होते.

मग तिच्या मैत्रिणीने एक डॉक्टरबाई सुचवल्या. डेक्कनच्या बाजूला दवाखाना, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याने सरळ बसावे अशा. त्यांनी पहिल्या भेटीतच मामाला विचारले, "तुमची तपासणी कधी झाली?" मामा म्हणाला, "माझी? माझी नाही झाली." त्या म्हणाल्या, "का बरं? तुम्ही नुसते सोबत आला आहात का?"

त्याच्या वीर्याची तपासणी झाली. अहवालात शुक्राणूंची संख्या कमी आणि हालचाल बरीच कमी आली. बाईंनी एक चार पानी फॉर्म घरी भरायला दिला, दोघांच्या तब्येतीचा सगळा इतिहास. आमच्या घरात फॉर्म कुणाचाही असो, भरते मी. पासपोर्ट, गॅस, सोसायटी, सगळे. मी चष्मा पुसून बसले आणि तासाभरात चारही पाने सुवाच्य अक्षरात भरून दिली. नवऱ्याला सध्या कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नापुढे मी लिहिले, "निल." खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या भेटीत सगळे पाहून निर्णय व्हायचा होता. बाईंनी सूचना दिलीच होती, की असेच चित्र राहिले तर पुढची पायरी टेस्ट ट्यूबची. मामी मला म्हणाली होती, "आई, करीन मी तेही. पण एकदाच. त्याच्या पुढं माझ्यात जोर नाही उरला." ती हे म्हणाली तेव्हा भाजी निवडत होती आणि मेथीच्या काड्या पानांत आणि पाने काड्यांत टाकत होती. मी जुडी माझ्याकडे ओढून घेतली.

भेटीचा दिवस आला तो नेमका मामीच्या भावाच्या लग्नात. ती अकोल्याला. वेळ बदलली असती तर पुढची महिनाभराने मिळाली असती. आदल्या दिवशी मामाची पाठ अशी धरली की त्याला मोजे घालता येईनात. म्हणून मी त्याला रिक्षातून घेऊन गेले. तो म्हणाला, "तू बाहेर बस." मी म्हटले, "बसेन." पण तो खुर्चीत बसताना असा काही कळवळला की बाईंनी मलाच आत बोलावले.

"काय होतंय यांना?"

"पाठ हो. घाईत सकाळची गोळी राहिली," मी म्हणाले.

"कुठली गोळी?"

मी पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. व्यवस्थितपणाचा अभिमान असतो ना, त्या अभिमानाने ठेवली. बाईंनी पट्टी पाहिली, मग फाइल उघडली.

"इथे तर औषधं निल लिहिलंय. अक्षर सुंदर आहे. कुणाचं?"

"माझं."

"आणि ही गोळी यांना कोण देतं?"

"मीच."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. दोन वर्षं झाली. कालपर्यंत एकही दिवस चुकला नाही," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझे मलाच ऐकू आले.

मामा म्हणाला, "अहो डॉक्टर, ते औषध नाही, पेनकिलर आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मग काय आहे? बडीशेप?"

पुढचे त्यांनी मला समजेल असे सांगितले. घरी येऊन मी ते लिहून काढले, म्हणून तुम्हालाही सांगता येते. वीर्य म्हणजे नुसते शुक्राणू नव्हेत. शुक्राणूंचा भाग अगदी थोडा, बाकी सगळा द्रव, आणि तो वेगवेगळ्या ग्रंथींमधून येतो. त्या द्रवात साखर असते, क्षार असतात, आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात. ती शरीरात इतर ठिकाणी असतात त्यापेक्षा वीर्यात कितीतरी जास्त असतात. आता या सूज उतरवणाऱ्या गोळ्या काम कशा करतात? शरीराला हीच प्रोस्टाग्लँडिन बनवू देत नाहीत. सूज आणि दुखणे त्यांच्यामुळेच वाढते, म्हणून ती कमी झाली की पाठ थांबते. पण गोळीला पाठ कुठली आणि बाकीचे काय हे कळत नाही. ती सगळीकडेच कमी करते. वीर्यातलीही.

"म्हणजे गोळीमुळेच झालं?" मामाने विचारले. त्याचा चेहरा उतरला होता.

"असं मी म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या. "गोळीने वीर्यातली ही द्रव्यं घटतात, इतकं नक्की. त्याने मूल व्हायला अडचण येते का, याचं उत्तर अजून पक्कं नाही. काही अभ्यासांत फार दिवस रोज घेणाऱ्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी दिसली, काहींत फरक दिसला नाही. कधीमधी घेतलेल्या गोळीबद्दल मी काळजी करणार नाही. पण रोज दोन, दोन वर्षं, तीही पाच दिवसांच्या चिठ्ठीवर? पाठीसाठी दुसरे उपाय असताना? थांबवून बघण्यात तुमचं काय जातंय?"

"किती दिवस?"

"नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. टेस्ट ट्यूबचं तोवर राहू द्या. पाठीसाठी गोळी नाही, व्यायाम. आणि आई, तुम्ही..."

"हो?"

"फॉर्म पुन्हा भरा."

परत रिक्षा केली. स्वारगेटच्या सिग्नलला तो एकदम हसायला लागला. म्हणाला, "बडीशेप!" आणि पाठ धरून कळवळला. मला हसू येत नव्हते. मला मामी दिसत होती, मेथी निवडताना.

घरी येताच मी तो चपटा डबा स्वयंपाकघरातून उचलून पांढऱ्या कपाटात ठेवला. तुमच्या आजोबांच्या गुडघ्याची गोळीही त्यातच असते. ते दारात येऊन उभे राहिले.

"माझी गोळी कुठे निघाली?"

"ही औषधं आहेत. आता औषधांत ठेवते आहे. तुमचीही बंद करायची का ते विचारायला हवं."

"मला आता मूल नकोय," आजोबा म्हणाले. "माझी चालू ठेव."

त्यांची त्यांच्या डॉक्टरांना विचारून चालू ठेवली. हेही लिहिते, म्हणजे तुम्ही कुणाची गोळी माझ्या भरवशावर बंद करायला जाणार नाही.

मामी चार दिवसांनी आली. मामाने फोनवर सांगतो म्हटले होते, मी म्हटले, नाही, मी सांगणार. तिने बॅग ठेवली, पाणी प्याली, लग्नातला डबा उघडून आजोबांना अनारसे दिले. मी तिला आत नेऊन सगळे सांगितले, बशीशेजारची गोळी, फॉर्म, निल, सगळे. माफी मागायची सवय नाही मला. ग्रंथालयात उशीर झाला की लोक माझी माफी मागायचे. पण मागितली.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "गोळीचं जाऊ द्या आई. गोळी मीबी त्यांना देत होती, तुम्ही नसल्या की. पण दीड वर्ष माझ्याच तपासण्या करून राहिलो आपण. मला सुया टोचल्या, नळ्या तपासल्या, खारीक पाजली. अन् ह्यांना कोणी 'तुम्ही काय खाता, काय घेता' एवढं विचारलं पण नाही. तुम्ही नाही, त्या डॉक्टरनं नाही, मी पण नाही."

"नाही विचारलं," मी म्हणाले.

"राग येऊन राहिला मला."

"येऊ दे."

"तुमचा नाही. म्हणजे तुमचा पण थोडा."

"थोडा असू दे," मी म्हणाले, आणि ती हसली. रडली पण, पण आधी हसली. मग उठून बाहेर गेली आणि मामाला म्हणाली, "उद्यापासून सकाळी साडेसहा. सतरंजी मी टाकते."

ते तीन महिने आमच्या घरात फार गमतीचे गेले. कात्रजला डेअरीच्या पलीकडे एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, तिने मामाला सात व्यायाम शिकवले. तो हॉलमध्ये सतरंजीवर उताणा पडून पाय वर करत असे, मामी शेजारी घड्याळ घेऊन उभी. आजोबा पेपर वाचता वाचता सूचना देत, "डावा पाय म्हणजे दुसरा." कामाच्या मावशी केर काढायला यायच्या तेव्हा त्याच्या भोवतीने केर काढायच्या आणि म्हणायच्या, "दादा, जरा सरका, तुमच्याखाली हाय बघा कचरा." पहिले दोन आठवडे तो रोज माझ्याकडे बघून केविलवाणा चेहरा करायचा. मी गरम पाण्याची पिशवी द्यायचे. गोळी मागितली नाही त्याने, एकदाही. दुचाकी विकली नाही, पण आठवड्यातून तीन दिवस ऑफिसच्या बसने जायला लागला. खुर्ची बदलून घेतली. रात्री झोपही लागू लागली. दुसऱ्या महिन्यात पँट सैल झाली. ते त्याने सगळ्यांना दाखवले.

मग पुन्हा तपासणीचा दिवस आला. लॅबमध्येच नमुना द्यायची सोय होती, पण मामाला तिथली ती खोली आठवली की कसेसे व्हायचे. घरून न्यायचा तर तासाभराच्या आत पोचायला हवा, आणि तोही अंगाच्या उबेला, शर्टाच्या आत. पाठीचा विचार करून गाडीने जायचे ठरले. गाडी आजोबा चालवणार. मागे मी बसले. मला कुणी बोलावले नव्हते, पण वेळेचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा होता.

मामा पुढच्या सीटवर, जाकीट घालून, हात छातीवर. बाहेर ऊन चढलेले. आजोबांची गाडी तीसच्या वर जात नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

"बाबा, जरा दाबा ना!"

"लाल आहे."

"पिवळा होता!"

"पिवळा म्हणजे थांबा. तुला लायसन्स कुणी दिलं?"

मामीचा ऑफिसमधून फोन आला. मी उचलला. "आई, पोचले का?" "नाही, पद्मावतीला आहोत." "किती मिनिटं झाली?" "एकवीस." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "आता?" "आता सारसबागेशी. पुढे रस्ता खणलाय." "अहो, मग बाबांना म्हणा गल्लीतून घ्या!" मी आजोबांना सांगितले. ते म्हणाले, "गल्ली वन वे आहे. नातवंडाची सुरुवात नियम मोडून करायची नाही."

तोवर आम्ही तिघांनीही नमुना, अहवाल, तपासणी असेच शब्द वापरले होते. मामा खिडकीबाहेर बघायला लागला. मला दिसले, त्याचे कान लाल झाले होते. आजोबांनी काही झालेच नाही असा गिअर बदलला.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला पोचलो. मामा पाठ विसरून जिना पळत चढला.

अहवाल घेऊन बाईंकडे मामा आणि मामी दोघेच गेले. मी घरी होते. मला हे मामीने सांगितले. संख्या वाढली होती. हालचाल बरीच सुधारली होती, पार उत्तम नव्हे, पण बाईंनी भुवया उंच करण्याइतकी. मामाने विचारले, "म्हणजे गोळीच होती ना?" बाई म्हणाल्या, "गोळी बंद केलीत, वजन उतरवलंत, झोपलात, व्यायाम केलात. यातलं नेमकं कशाने झालं ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. अशा अहवालांत आपोआपही चढउतार होतात. ज्याने झालं ते चालू ठेवा आणि सहा महिने माझ्याकडे येऊ नका." मामीने विचारले, "अन् टेस्ट ट्यूब?" त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी बोलू. तोवर तुम्हाला सुई नाही." मामी म्हणाली, हे ऐकल्यावर तिला पहिल्यांदा पोटभर भूक लागली. दोघे तिथून मिसळ खायला गेले आणि मला फोन करायचे विसरले. मी दोन तास खिडकीत उभी.

त्यानंतर घरात कुणी काही विचारत नसे. दूध-खारीक बंद केली होती. तुम्हाला सांगते, न विचारणे हे फार कष्टाचे काम आहे, माझ्यासारखीला तर फारच. महिन्याचे ते चार दिवस आले की मी मामीच्या चेहऱ्याकडे बघायचे नाही असे ठरवले होते, आणि बघत होते. ती दोनदा डोळे सुजवून ऑफिसला गेली. तिसऱ्यांदाही मी तशीच तयारी ठेवली.

तिसरा महिना संपता संपता एका शनिवारी संध्याकाळी दोघे बाहेरून आले. मामाने चपला काढल्या आणि एक चप्पल हातात धरून तसाच उभा राहिला. मामी म्हणाली, "आई, आत या जरा."

मी आत गेले. मामाही मागोमाग आला, तिने दार लोटले. दोघांचे चेहरे पाहून मला वाटले, काहीतरी बिघडले.

"काल घरी बघितलं. आज बाईंकडे जाऊन आलो," ती म्हणाली. "आहे म्हणून सांगितलं त्यांनी. सहा आठवडे."

मी पलंगावर बसले. मामीने माझा हात धरला. मामाच्या हातात अजून ती चप्पल होती.

बाहेरून आजोबांचा आवाज आला, "काय चाललंय तिकडे? आज चहा मिळणार आहे की नाही?"

मामा बाहेर गेला. तो काय बोलला ते ऐकू आले नाही. मग स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज, मग लायटरचा, तीन-चार वेळा. आजोबांनी गॅस पेटवला होता. आमच्या लग्नानंतर त्यांनी किती वेळा चहा केला असेल ते मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकते.

"साखर कुठे ठेवतेस?" त्यांनी ओरडून विचारले.

मामी म्हणाली, "सांगू का त्यांना?"

"नको," मी म्हणाले. "शोधू दे."

चहा फार गोड झाला होता, आणि आले इतके घातले होते की घसा जळला. आम्ही चौघांनी तो सगळा प्यायला.